ब्रेमेनला पोचवायचा खलबत्ता

अम्म शहाता, म्हणजे आमचे शहाताकाका, कॉम्प्युटरशी नेहमी अदबीनं बोलत. सरकारी कचेरीत खिडकीमागच्या माणसाशी बोलावं तसं, जरा पुढे झुकून, आवाज उतरवून. "बाशा, आज तेवढं लवकर उघड. पोरगी वाट बघत बसलीय." बाशा, म्हणजे साहेब, काही लवकर उघडत नसे. काळ्या पडद्यावर टिंबं गोल गोल फिरत, मग 'अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नका' अशी तंबी येई आणि अम्म शहाता दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहत. ज्या माणसानं जन्मभर गिऱ्हाइकांना "संध्याकाळी या" म्हणून परत पाठवलं, त्याला आता हा डबा थांबायला सांगत होता. हे त्यांनाही कळत होतं, त्यामुळे ते फारसे चिडत नसत.

ते इस्त्रीवाले. इजिप्तमधल्या तंता शहरात, कापसाच्या जुन्या वखारीमागच्या आमच्या गल्लीत, लग्नाचा सूट असो की शाळेचा सदरा, त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाच्या अंगावर चढत नसे. पायानं दाबायची ती वजनदार लोखंडी इस्त्री चालवणारी जी शेवटची माणसं राहिली, त्यांतले ते एक. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि घरी बसले. घरी नईमा होती तोवर बसणं सोपं होतं. नईमाला जाऊन आता दुसरं वर्ष लागलं होतं, आणि घरात बोलायला उरला होता तो हा कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर मुळात इब्तिसामचा, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा. तिच्या नवऱ्याला जर्मनीत ब्रेमेनच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. दोघं तिकडे गेली, आणि जाताना तिनं तो जेवणाच्या टेबलावर मांडून दिला. नईमानं लगोलग त्याच्यासाठी सुताचं पांढरं झाकण विणलं. अम्म शहातांचा यंत्रांविषयीचा एकच सिद्धान्त होता: यंत्र तापलं की रुसतं. त्यामुळे काही अडलं की ते वायर उपटत, झाकण घालत, चहा पीत आणि मग वायर पुन्हा लावत. कधी कधी ते चालूही होई. न झालं तर नाक्यावरून वगदी येई.

वगदी शिकलाय कॉमर्स. पण आमच्याकडे कॉम्प्युटरचं मागचं झाकण उघडता येणाऱ्याला 'बाशमुहंदिस' म्हणायचं, म्हणजे थोरला इंजिनियर, आणि त्यानंही ते निमूट ऐकून घ्यायचं. एकदा अम्म शहाता पासवर्ड विसरले. वगदीनं नवा घालायला सांगितला. त्यांनी घातला, तर यंत्रानं सुनावलं की हा पासवर्ड तुम्ही पूर्वी वापरलेला आहे.

"म्हणजे ओळखतोस ना मला?" अम्म शहाता पडद्याला म्हणाले. "मग दार का उघडत नाहीस?"

मग पडद्यावर चौकटी आल्या. रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे जिथे दिसतील त्या चौकटी निवडा.

"बाशमुहंदिस, हे कसले पट्टे?"

"माणसं तिथूनच रस्ता ओलांडतात, अम्म."

"कुठली माणसं?"

वगदीनं जरा विचार केला. "आपली नव्हेत," तो म्हणाला.

सगळ्यात शेवटी यंत्रानं विचारलं की तुम्ही माणूसच आहात ना, यंत्र नाही ना. अम्म शहातांना हे फार लागलं. "वल्लाही माणूस आहे," असं म्हणून त्यांनी टिचकी मारली, आणि इतक्या साध्या शपथेवर त्यानं विश्वास ठेवला याचं त्यांना आठवडाभर कौतुक होतं.

दर शुक्रवारी इब्तिसाम पडद्यावर येई. पण आमच्या गल्लीत शुक्रवारी दुपारी गॅसवाला येतो. सायकलगाडीवर टाक्या, हातात पाना, आणि टाकीवर असा ठणठणाट करत जातो की झोपलेला माणूस कलमा म्हणत उठावा. "बाबा, काहीच ऐकू येत नाही," असं इब्तिसाम म्हणाली की अम्म शहातांचा जीव कासावीस होई. आठवडाभर साठवलेलं बोलणं, आणि ते गॅसवाल्यानं खायचं. शेवटी त्यांनी वगदीला बोलावून बजावलं, "हा ठणठणाट माझ्या पोरीच्या कानावर जाता कामा नये. काय करायचं ते कर." वगदीनं कसलासा प्रोग्रॅम चढवला. पुढच्या शुक्रवारी गॅसवाला खिडकीखाली अर्धा तास ठणठणत होता आणि इब्तिसाम म्हणाली, "बाबा, आज किती शांत आहे गल्ली." अम्म शहातांनी त्या दिवशी वगदीच्या सदऱ्यांना फुकट इस्त्री करून दिली, दुखऱ्या गुडघ्यांनी, स्वतः उभं राहून.

मग इब्तिसामला मुलगी झाली.

बातमी कळली तेव्हा ते रडले आणि लगेच शेजारच्या उम्म सलमाचं दार ठोठावायला गेले. उम्म सलमा म्हणजे नईमाची जन्माची मैत्रीण, जिभेची तिखट आणि मनानं लोणी. तिनं तिथेच उंबऱ्यात उभं राहून जीभ घोळवत जगरूता दिली, आनंदाची ती लांबलचक किलकारी, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "कुणाकडे?" "नईमाकडे," ती म्हणाली. नईमा नाही हे कुणीच बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी इब्तिसाम पडद्यावर आली ती डोळे सुजवून. आमच्याकडे सातव्या दिवशी सुबूअ करतात. बाळाला चाळणीत निजवायचं, त्याच्या कानाशी पितळी खलबत्ता वाजवायचा, आणि वाजवता वाजवता सांगायचं की आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस. बाळ दचकतं. ते दचकायलाच हवं; या घराचा, या जगाचा आवाज त्याच्या कानात बसतो, आणि मग ते कशाला भीत नाही.

"बाबा, इथे खलबत्ता मिळाला," इब्तिसाम म्हणाली, "पण दगडी. वाजतच नाही. आईचा हवा होता."

नईमाचा खलबत्ता तिच्या माहेरचा. इब्तिसाम जर्मनीला निघाली तेव्हा तिनं तो बॅगेत घातलाही होता, पण विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. तो बाहेर काढताना नईमा म्हणाली होती, "राहू दे. तुझं बाळ होईल तेव्हा मी घेऊन येईन. माझ्या नातवंडाच्या कानाशी दुसरं कुणी कशाला वाजवेल?" तशी ती येणार होती. पासपोर्टसुद्धा काढला होता बाईनं.

"तुम्ही वाजवा, बाबा," इब्तिसाम म्हणाली. "यावरून. मी बाळाला पडद्याजवळ धरते."

"अगं, हे बायकांचं काम."

"तुम्ही वाजवा."

अम्म शहातांनी थोडा वेळ झाकणाच्या विणीशी चाळा केला. मग म्हणाले, "वाजवेन. मेहनतीचंच काम आहे ते. बोलायचं ते उम्म सलमा बोलेल."

आमच्या गल्लीत पूर्वी नुसत्या आवाजावरून कळे की कुठल्या घरात मुलुखियाच्या पालेभाजीसाठी लसूण-धणे कुटतायत. प्रत्येकीचा हात वेगळा. नईमाचा हात असा: दोन घाव जोराचे, एक हलका, मग बत्ता खलाच्या काठावरून एकदा फिरवायचा, घंटा पुसावी तसा. गल्लीतल्या बहुतेक पोरांच्या सुबूअला तिलाच बोलवत. ती आतल्या खोलीत कुटायची आणि अम्म शहाता बाहेर पुरुषांत चहा पीत बसायचे. दुकानातून वर घरी येताना तो आवाज ऐकला की त्यांना भूक लागायची. ती गेल्यावर खलबत्ता स्वयंपाकघरात ओट्याखालीच राहिला. लसूण ते सुरीनं चिरत.

तर सातवा दिवस शुक्रवारीच आला. अम्म शहातांनी खलबत्ता लिंबानं घासून असा लखलखीत केला की त्यात तोंड दिसावं. कॉम्प्युटर त्यांनी पहाटेच चालू करून ठेवला, ऐनवेळी नखरे नकोत म्हणून. तो दिवसभर विचारत राहिला की अपडेट आता करू की नंतर, आणि ते दर वेळी "नंतर, बाशा, नंतर" असं म्हणत 'नंतर'वर टिचकी मारत राहिले. जेवायलाही ते त्याच्यासमोरून उठले नाहीत. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर उम्म सलमा चार-पाच बायकांना घेऊन आली. हरभरे, शेंगदाणे आणि गोळ्यांच्या पुड्या आल्या. नव्या मातीच्या सुरईला फुलं आणि मेणबत्ती लावून सजवलं, मुलगी ना, म्हणून सुरई. बाळ ब्रेमेनला असलं म्हणून काय झालं, सुबूअ इथलाच होता.

आणि चमत्कार म्हणजे सगळं पहिल्या फटक्यात लागलं. पडद्यावर इब्तिसाम आली, मागे जावई, दोन-तीन पाहुणे, आणि चाळणीत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली रीम. डोळे मिटलेले, मूठ गालाशी.

"चाळण कुठे मिळाली?" उम्म सलमानं विचारलं.

"तुर्की दुकानात, खाला."

"नाकानं नईमावर गेलीय," उम्म सलमा म्हणाली, आणि बाकीच्या बायका म्हणाल्या की हो, अगदी, जरी पडद्यावर नाक म्हणून एक ठिपकाच दिसत होता.

अम्म शहातांनी बिस्मिल्ला म्हणून बत्ता उचलला. दोन घाव जोराचे, एक हलका, मग काठावरून फेर. टेबलावरचे चहाचे ग्लास किणकिणले. खालच्या दुकानातून पुतण्यानं मान वर करून बघितलं. इतक्या दिवसांनी तो आवाज घरात उठला, आणि उम्म सलमानं डोक्यावरच्या ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

पडद्यावर इब्तिसाम हसतमुखानं त्यांच्याकडे बघत होती. "हं, बाबा," ती म्हणाली. "करा सुरू."

"केलं की."

"काय केलं?"

त्यांनी पुन्हा वाजवला. जास्त जोरात.

"बाबा, हात हलतोय तुमचा. आवाज नाही येत."

मग नेहमीचं सगळं झालं. वायर काढून लावली. माईक खलाच्या इतका जवळ आणला की एक घाव त्याच्यावरच बसता बसता राहिला. बायकांनी सल्ले दिले. त्यांतल्या एकीनं कॉम्प्युटरच्या पाठीवर थोपटलंसुद्धा. "आपण जगरूता देऊन बघू," उम्म सलमा म्हणाली, आणि सगळ्यांनी मिळून अशी किलकारी दिली की खिडकीवरची कबुतरं उडाली.

इब्तिसाम जरा चक्रावली. "खाला, तुम्ही सगळ्या जांभया का देताय?"

"तिचं तोंड बंद करा कुणीतरी," उम्म सलमा पुटपुटली. हे मात्र तिकडे स्पष्ट ऐकू गेलं.

मग अम्म शहातांच्या काही लक्षात यायला लागलं. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी आपल्या बटणांच्या फोनवरून वगदीला फोन लावला. वगदी जवळच्या महल्ला गावी सासुरवाडीत होता; तोंडात घास होता.

"अम्म, तुम्हीच नव्हतं का सांगितलं, ठणठणाट जाता कामा नये म्हणून?"

"मी गॅसवाल्याचा म्हणालो होतो."

"आता त्याला काय कळतंय, कुठलं टाकीचं लोखंड आणि कुठलं तुमचं पितळ? माणसाच्या बोलण्यासारखं असेल तेवढं तो जाऊ देतो. बाकीचं गाळून टाकतो."

"मग काढ ते."

"काढायचं तर यंत्र एकदा बंद करून चालू करावं लागेल. अपडेट घेतलं होतंत?"

अम्म शहातांनी पडद्यावरच्या 'नंतर'कडे बघितलं.

"मग बंद केलंत की ते सुरू होईल. तास-दीड तास तरी हलणार नाही. अम्म, असं करा, रेकॉर्ड करून ठेवा आणि उद्या पाठवा."

"उद्या आठवा दिवस," अम्म शहाता म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

उम्म सलमाच्या मोबाइलवरून लावून बघितलं. तिथेही तेच. तो फोन तर ही गाळणी पोटातच घेऊन जन्माला आला होता. तिकडे जावयाची कामावर जायची वेळ होत आली होती, आणि पाहुणे अवघडून उभे होते. रीमनं चाळणीत तोंड वाकडं करायला सुरुवात केली होती. भूक लागली असणार.

"खाला, तुम्ही शब्द म्हणून टाका," इब्तिसाम म्हणाली. तिचा आवाज सांभाळलेला होता, पण बापाला तो कळतोच. "तेवढं पुरे. बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. यंत्र आहे, त्याला काय."

अम्म शहातांना वाईट वाटत नव्हतं, त्यांना राग आला होता. स्वतःचाच. आपणच आपल्या हातानं दाराला कडी घातली आणि आता बाहेर उभे राहून ठोठावतोय. नईमा पासपोर्ट काढून बसली होती. या एका आवाजासाठी ती समुद्रापार जायला निघाली होती, आणि आपल्याला तो टेबलाच्या या कडेवरून त्या पडद्यात ढकलता येऊ नये. त्यांनी खलावर हात ठेवला. पितळ अजून गुणगुणत होतं.

मग त्यांनी बत्ता खाली ठेवला.

"पोरीला जवळ आण," ते म्हणाले. "तिचा कान इकडे कर."

"बाबा?"

"आण तू. उम्म सलमा, तू शब्द म्हण."

त्यांनी खोकून घसा साफ केला. एकदा बायकांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग, सत्तरीला आलेला, पांढऱ्या मिशांचा, गल्लीतल्या कुठल्या लग्नात कधी टाळीसुद्धा न वाजवलेला तो माणूस पडद्याला तोंड लावून म्हणाला, "ठण्ण."

बायकांपैकी एक फस्सकन हसली. उम्म सलमानं तिला कोपरानं ढोसलं.

"ठण्ण. ठण्ण. टिक्. घ्र्रर्रन्न." दोन जोराचे, एक हलका, मग काठावरून फेर. पहिल्या वेळी तो फेर त्यांना नीट जमला नाही, श्वास पुरला नाही. त्यांनी पुन्हा घेतला. "ठण्ण. ठण्ण. टिक्. घ्र्रर्रन्न." आता तो बरोबर नईमाचा होता. ती ज्या घावाला जरा थांबायची, तिथे ते थांबत होते. हे आपल्याला इतकं येतं हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"आईचं ऐक, रीम," उम्म सलमा म्हणू लागली. "बापाचं ऐकू नकोस."

"ठण्ण. ठण्ण. टिक्."

"मावशीचं ऐक, शेजारणीचं ऐकू नकोस."

"घ्र्रर्रन्न."

 पडद्यावर इब्तिसामनं ओठ आवळून धरले होते आणि ती मान हलवत होती, त्याच तालावर, दोन मोठ्या, एक छोटी. लहानपणी स्वयंपाकघराच्या दारात बसून गृहपाठ करताना हलवायची तशीच. जावयानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. अम्म शहातांच्या कपाळावर घाम आला होता, मिशीवर थुंकी उडाली होती, आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी पूर्ण छाती भरून घेतली.

"ठण्ण!"

रीम दचकली. दोन्ही हात फेकून, बोटं फाकून, डोळे टक्क उघडून दचकली. क्षणभर तिनं समोरच्या उजेडाकडे बघितलं आणि मग टाहो फोडला. ते रडणं यंत्रानं अडवलं नाही. कुठे कापलं नाही, गाळलं नाही. जसंच्या तसं ते ब्रेमेनहून निघालं आणि तंत्यातल्या त्या खोलीत भरून राहिलं.

बायकांनी पुन्हा जगरूता दिली. तिकडे ती ऐकू गेली नाही, पण या वेळी इब्तिसामनं विचारलं नाही. ती रडत होती आणि हसत होती.

"घाबरली, बाबा," ती म्हणाली. "फार घाबरली. उचलून घेऊ?"

अम्म शहातांनी दोन्ही हातांनी पडदा धरला होता. गाल ओले झाले होते, पण पुसायला हात सोडावे लागले असते.

"घे ना, आई गं, घे," ते म्हणाले. "पण लांब नेऊ नकोस. इथेच, जवळ धर. मला ऐकू दे जरा."